डब्यावरचं नाव : प्रस्तावना

सोमवार हा त्या गावाचा बाजाराचा दिवस. दुपारी बारापासून पतसंस्थेच्या काउंटरवर रांग लागायची. भाजी विकून आलेली माणसं पिग्मीचे आणि कर्जाच्या हप्त्याचे पैसे भरायला यायची. तिथला जमा-नाव्याचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. सगळी खाती तिथल्याच संगणकावर होती तोवर तो उत्तम चालला. पुढे संस्थेच्या शाखा एका सर्व्हरला जोडल्या गेल्या आणि ‘जमा’ दाबलं की नोंद इंटरनेटवरून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ लागली. बटणामागचा माझा कोड साधा होता : नोंद पाठव, उत्तर येईपर्यंत थांब, पावती छाप. एका सोमवारी लाइन मंदावली. रोखपालांनी ‘जमा’ दाबलं, पडद्यावर काहीच हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा. विंडो पांढुरकी पडली, वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं, रांगेतली माणसं वाकून आत बघायला लागली. थोड्या वेळाने विंडो जिवंत झाली आणि एकाच हप्त्याच्या तीन पावत्या एकामागून एक बाहेर आल्या. संध्याकाळी रोजकीर्द जुळेना.

तो दोष मी आठवड्याभरात काढला. सर्व्हरशी बोलण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर टाकलं, उत्तर आलं की पडदा भरायचा अशी व्यवस्था केली. विंडो पुन्हा कधी अडकली नाही. सगळे खूश होते आणि मीही. दोनेक महिन्यांनी त्याच रोखपालांचा फोन आला. त्यांनी एका खातेदाराचं नाव निवडलं होतं, उत्तराला वेळ लागतोय असं दिसल्यावर त्याला बाजूला बसवून मागच्या माणसाचं खातं उघडलं होतं. दुसऱ्याचं उत्तर आधी आलं, ते बरोबर दिसलं. मग पहिल्याचं उशिराचं उत्तर आलं आणि त्याच विंडोत त्याच चौकटींत जाऊन बसलं. वर नाव एकाचं, खाली शिल्लक दुसऱ्याची. रोखपाल दोघांनाही वर्षानुवर्षं ओळखत होते, म्हणून आकडा पाहताच त्यांचा हात थांबला. नवा माणूस त्या खुर्चीत असता तर पैसे गेले असते.

हे पुस्तक त्या दुसऱ्या फोनमुळे लिहिलं गेलं. विंडो अडकते हा दोष उघडा असतो. तो सगळ्यांना दिसतो, त्यावर ओरड होते आणि तो काढण्याच्या युक्त्या कुठल्याही पाठात सापडतात. पण अडकणं थांबवण्यासाठी आपण विनंती आणि उत्तर यांची ताटातूट करतो, आणि त्या क्षणापासून एक नवा, शांत दोष घरात येतो. उत्तर परत येतं तेव्हा प्रश्न विचारणारा तिथे असतोच असं नाही. असला तरी तो अजून तोच प्रश्न विचारतोय असंही नाही.

पिठाच्या गिरणीवर गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. डबा रांगेत ठेवायचा, भाजी आणायला जायचं, परत येऊन पीठ घ्यायचं. गिरणीपाशी तासभर ताटकळत उभं राहणं म्हणजे माझा पहिला प्रोग्रॅम. डबा ठेवून बाजारात जाणं म्हणजे दुसरा. आणि डब्यावर नाव न घालता बाजारात जाणं ही माझी चूक. गव्हाच्या डब्याऐवजी बाजरीचा डबा घरी आला तर निदान रंगावरून कळतं. दोन्ही डब्यांत गहूच असेल तर कळायची सोय नाही.

आता हे मुळात असं का घडतं, ते थोडं खोलात जाऊन पाहू. विंडो, बटणं आणि याद्या असलेल्या प्रोग्रॅममध्ये एक मुख्य थ्रेड असतो. माउस हलला, कळ दाबली, दुसरी विंडो बाजूला झाल्याने आपला भाग पुन्हा रंगवायचा आहे, टायमर वाजला, अशा सगळ्या घटना एका रांगेत येऊन थांबतात. मुख्य थ्रेड रांगेतून एक घटना उचलतो, तिच्यासाठी नेमलेलं काम पुरतं संपवतो, मग पुढची उचलतो. या फेऱ्याला इव्हेंट लूप म्हणतात. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो असं धरलं तर एका कामाला सुमारे १६ मिलिसेकंदांची सवलत आहे. जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही कामी येतात : ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर माणसाला तो आपल्याच हाताचा परिणाम वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. विंडोज ही यंत्रणा तर ५ सेकंद रांगेतून काहीच उचललं गेलं नाही की तो प्रोग्रॅम अडकला असं समजते. मात्र त्याआधी दाबलेली बटणं रांगेत तशीच उभी असतात. माझ्या तीन पावत्यांचं मूळ हे होतं. रोखपालांचे तीनही ठोके प्रोग्रॅमने इमानेइतबारे जपून ठेवले आणि जाग आल्यावर एकेक करून पार पाडले.

याच्या समोर नेटवर्कचा वेळ ठेवून पाहा. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली तरी जाऊन यायला १२५ मिलिसेकंद हवेत, आणि हे निसर्गाचं देणं आहे, कुठल्याही कंपनीला ते कमी करता येणार नाही. शिवाय एका विनंतीला एक खेप पुरत नाही. जोडणी करायला एक खेप, कुलूपबंद संभाषण ठरवायला टीएलएस १.३ मध्ये आणखी एक, आणि मग प्रत्यक्ष विनंतीची एक. सर्व्हरने क्षणाचाही विचार केला नाही तरी पाऊण सेकंदाचा निम्मा भाग प्रवासातच गेला. सर्व्हर शेजारच्या जिल्ह्यात असला तर प्रवास लहान होतो, पण मधली लाइन पावसात भिजलेली असली की हिशेब कुठल्या कुठे जातो. १६ मिलिसेकंदांच्या घरात हा पाहुणा मावत नाही.

मग वेगळा थ्रेड घ्या आणि त्यालाच पडद्यावर लिहू द्या, असं पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात येतं. हे का चालत नाही याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. जावाची पहिली पडदा-लायब्ररी एडब्ल्यूटी कुठल्याही थ्रेडवरून वापरता यावी, अशा इच्छेने बांधली गेली होती. तिच्यानंतर आलेल्या स्विंगने तो मार्ग सोडला आणि एकाच थ्रेडचा नियम स्वीकारला. सन मायक्रोसिस्टिम्सचे ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये या प्रयत्नांबद्दल लिहिताना, अनेक थ्रेडवरून सुरक्षित चालणाऱ्या पडदा-लायब्ररीला अपुरं राहिलेलं स्वप्न म्हटलं आणि कारणही दिलं. माउसचा ठोका यंत्रणेकडून वर प्रोग्रॅमकडे चढत येतो. प्रोग्रॅमचा ‘हे रंगव’ हा आदेश वरून खाली यंत्रणेकडे उतरतो. दोघांनी वाटेत लागणारी कुलुपं लावत जायचं ठरवलं, तर एक जण तळमजल्याचं कुलूप लावून वर निघालेला असतो, दुसरा वरच्या मजल्याचं लावून खाली, आणि जिन्यात दोघे एकमेकांची वाट बघत कायमचे उभे राहतात. म्हणून क्यूट, विंडोज फॉर्म्स, डब्ल्यूपीएफ, मॅकवरची कोको, अँड्रॉइड या सगळ्यांनी एकच नियम ठेवला : पडद्याला फक्त मुख्य थ्रेडने हात लावायचा. अँड्रॉइडने तर २०११ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून मुख्य थ्रेडवरून नेटवर्कला हात लावला की प्रोग्रॅम तिथल्या तिथे पाडायचा, असा कडक पवित्रा घेतला. मला तो पटतो. चूक पहिल्याच दिवशी दिसलेली बरी.

कारण पडद्याचा नियम मोडला तर प्रोग्रॅम लगेच पडतो असं नाही. दुसऱ्या थ्रेडवरून लेबल बदललं तर नव्याण्णव वेळा ते नीट बदलतं. शंभराव्या वेळी मुख्य थ्रेड तेच लेबल रंगवत असतो आणि अर्धं जुनं, अर्धं नवं असं काहीतरी त्याच्या हाती लागतं. हा शंभरावा प्रसंग कार्यालयात कधी येत नाही, तो गिऱ्हाइकाकडे येतो.

या पुस्तकातली उदाहरणं मी क्यूट या सी++ लायब्ररीतून घेतली आहेत. १९९५ मध्ये नॉर्वेहून आलेली ही लायब्ररी विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालते आणि तिची सिग्नल-स्लॉटची पद्धत हा विषय शिकवायला फार चांगली आहे. २००८ च्या ४.४ आवृत्तीपासून तिच्यात क्यूनेटवर्कॲक्सेसमॅनेजर आहे. त्याला विनंती दिली की तो थांबत नाही. लगेच एक रिप्लाय-वस्तू हातात ठेवतो, म्हणजे गिरणीवरची पावतीच म्हणा. काम झालं की ती वस्तू ‘फिनिश्ड’ असा सिग्नल देते आणि त्याला जोडलेलं आपलं काम मुख्य थ्रेडवरच चालतं. वेगळा थ्रेड आपल्याला उघडावा लागत नाही, कुलूपही लावावं लागत नाही. साध्या वेब-विनंतीसाठी स्वतः थ्रेड उघडणारा कोड दिसला की मी आता आधी ‘का?’ असं विचारतो.

इथे एक मोह असा आहे की त्याने भलेभले फसतात. उत्तर ‘नंतर’ येतं म्हणून कोडचे दोन तुकडे होतात आणि ते डोळ्यांना बरं दिसत नाही. मग कुणीतरी शोधून काढतं की फंक्शनच्या पोटातच एक छोटा इव्हेंट लूप चालवता येतो. ‘फिनिश्ड’ आला की तो लूप सोडायचा आणि पुढच्या ओळीवर जायचं. विंडो अडकत नाही, कोड सरळ दिसतो, दोन्ही हातांत लाडू. पण तो पोटातला लूप सगळ्याच घटना हाताळतो. वापरणारा त्यात ‘जमा’ पुन्हा दाबू शकतो, तेव्हा आपलं अर्धवट फंक्शन स्वतःच्याच आत दुसऱ्यांदा सुरू होतं. तो विंडो बंद करू शकतो, तेव्हा ज्या वस्तूचं फंक्शन अर्ध्यावर आहे ती वस्तूच नष्ट होते, आणि लूप सुटल्यावर पुढची ओळ जाळलेल्या घरात पाय टाकते. दुसरं प्रकरण अख्खं यावर आहे आणि या युक्तीच्या विरोधात मी जितकं म्हणून लिहिता येईल तितकं तिथे लिहिलं आहे.

विंडो बंद होण्याची गोष्ट एरवीही खरीच. विनंती गेली, माणूस कंटाळला, त्याने फुलीवर क्लिक केलं. चार सेकंदांनी उत्तर आलं. क्यूटमध्ये सिग्नल जोडताना ‘हे काम कुणाच्या वतीने’ हे सांगायची जागा असते. तिथे विंडोचं नाव दिलं, तर विंडो नष्ट होताना जोडणीही आपोआप सुटते. ती जागा रिकामी ठेवून नुसतं निनावी फंक्शन जोडलं, तर उत्तर आल्यावर ते फंक्शन मेलेल्या विंडोच्या चौकटींत आकडे भरायला जातं. फरक एका शब्दाचा आहे. रिप्लाय-वस्तूचंही तसंच : तिच्याच ‘फिनिश्ड’ला जोडलेल्या कामात तिला थेट नष्ट करायचं नसतं, ‘डिलीटलेटर’ म्हणून लूपकडे सोपवायचं असतं. आणि सोपवायला विसरलं तर ती मॅनेजरच्या हयातीपर्यंत स्मृतीत पडून राहते. दिवसभर चालणाऱ्या काउंटरच्या प्रोग्रॅममध्ये संध्याकाळपर्यंत अशी बरीच अडगळ जमते.

पण माझ्या मते या पुस्तकाचा गाभा चौथ्या प्रकरणात आहे, म्हणजे विंडो जिवंत असते आणि प्रश्न बदललेला असतो तिथे. हा दोष किती महाग पडू शकतो याचं एक उदाहरण वेबच्याही आधीचं आहे. कॅनडाच्या एईसीएल या संस्थेचं थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिली आणि त्यांतले काही दगावले. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे जे घडलं त्याचं कारण पुढे नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी तपशिलात मांडलं. यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीने उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप केला, लगेच वर जाऊन दुरुस्त केला. मधल्या काळात यंत्र आपले चुंबक जागेवर आणत होतं. त्याला सुमारे ८ सेकंद लागत, आणि त्या ८ सेकंदांत केलेला बदल त्याच्या ध्यानातच येत नसे. पडद्यावर दुरुस्त झालेला प्रकार दिसत होता, आत मात्र जुन्या आणि नव्याची सरमिसळ झालेली होती. हाताला सराव झालेली, भराभर टाइप करणारी व्यक्तीच या सापळ्यात सापडत होती, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. नाव एकाचं आणि शिल्लक दुसऱ्याची, हा माझा दोष त्याच जातीचा होता.

हाच दोष मराठीत काम करताना अधिक लवकर भेटतो, आणि त्याबद्दल इतरत्र लिहिलेलं मला फारसं दिसलं नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो. शोधाची चौकट घ्या, ज्यात टाइप करता करता खाली सूचना येतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर एकेक चिन्ह टाइप करत ‘ज्ञानेश्वर’ लिहा. आपल्या डोळ्यांना ती चार-पाच अक्षरं दिसतात. संगणकासाठी ते ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे १० संकेत आहेत. प्रत्येक बदलावर विनंती पाठवणारा कोड १० विनंत्या पाठवतो, आणि त्यांतल्या काही ‘ज्’ आणि ‘ज्ञानेश्’ अशा अर्ध्या तुटलेल्या शब्दांसाठी असतात. जुन्या एचटीटीपी १.१ वर क्यूटचा मॅनेजर एका सर्व्हरकडे एका वेळी ६ विनंत्या चालवतो, बाकीच्या रांगेत. म्हणजे ज्या एका विनंतीचं उत्तर माणसाला हवंय ती, पूर्ण शब्दाची, सर्वांत शेवटी उभी असते, आणि तिच्यापुढे आता कुणालाच नको असलेल्या नऊ जणी. त्यातच ‘ज’ने सुरू होणारी नावं भरपूर म्हणून त्या पहिल्या विनंतीचं उत्तर मोठं, ते सावकाश येतं, आणि बरोबर आलेली यादी पुसून तिथे जळगाव, जालना, जुन्नर उभे राहतात.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही लागतात. माणूस क्षणभर, साधारण ३०० मिलिसेकंद, थांबल्याशिवाय विनंती पाठवायची नाही. नवी विनंती पाठवताना जुनी रद्द करायची. आणि प्रत्येक विनंतीला चढता क्रमांक द्यायचा, उत्तर आल्यावर तो क्रमांक अजून चालू आहे का ते पाहायचं, नसेल तर उत्तर तिथेच टाकून द्यायचं. पुष्कळ जण दुसऱ्या उपायापाशी थांबतात : रद्द केली ना, मग आता ती कशी येईल? ती येते. क्यूटमध्ये ‘अबॉर्ट’ म्हटलं की त्या रिप्लायचा ‘फिनिश्ड’ सिग्नल तेव्हाही वाजतो, ‘रद्द झाली’ अशा त्रुटीच्या खुणेसह. ती खूण न पाहणारा कोड रिकामं उत्तर घेऊन यादी पुसतो किंवा ‘नेटवर्क बंद आहे’ अशी खोटी बातमी देतो. इतर भाषांतही रद्द करणं आणि उत्तर पोचणं यांची शर्यत असतेच. शेवटी विश्वास ठेवावा तो क्रमांकावर, म्हणजे डब्यावरच्या नावावर.

मराठीचा आणखी एक कंगोरा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइटांचा असतो. नेटवर्कवरून बाइट तुकड्यांनी येतात आणि तुकडा कुठे तुटावा याला काही धरबंध नाही. प्रत्येक तुकडा आला की तो लगेच मजकुरात बदलून यादीला जोडणारा कोड इंग्रजीत जन्मभर सुखाने चालतो, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. आपल्याकडे तुकडा एखाद्या संकेताच्या मधोमध तुटला की ‘सातारा’च्या पोटात प्रश्नचिन्हाचे काळे ठिपके उमटतात. तेही कधीतरीच, लाइन मंद असली की. बाइट साठवून शेवटी एकदाच मजकूर करावा, नाहीतर मागचा अर्धा संकेत लक्षात ठेवणारा डिकोडर वापरावा. क्यूट ६ मध्ये त्यासाठी क्यूस्ट्रिंगडिकोडर आहे. हे असिंक्रोनस विनंत्यांच्या परदेशी पुस्तकांत मला परिशिष्टातही दिसलं नाही. मी ते मुख्य मजकुरात घेतलं आहे.

उत्तर आलंच नाही तर काय, हा प्रश्न वाचायला सोपा वाटतो. क्यूटच्या मॅनेजरला आपण सांगितल्याशिवाय वेळेची मर्यादा नसते. ५.१५ आवृत्तीपासून ती ठरवता येते, पण ती ‘इतका वेळ एकही बाइट आला नाही तर’ अशी मोजली जाते. थेंबथेंब बाइट सोडणारा सर्व्हर तिला हुलकावणी देतो, म्हणून एकूण वेळेसाठी वेगळा टायमर ठेवावा लागतो. सी शार्पच्या एचटीटीपी-क्लायंटची ठरावीक मर्यादा १०० सेकंद आहे. काउंटरपुढे रांग असताना १०० सेकंद फार असतात.

खरी कसोटी मात्र मर्यादा उलटल्यानंतर आहे. नुसती माहिती मागितली असेल तर पुन्हा मागता येते. पण पैसे जमा करायची विनंती असेल आणि उत्तर आलं नाही, तर पैसे जमा झाले की नाही? विनंती जाताना वाटेत हरवली असेल किंवा काम होऊन उत्तर परतताना हरवलं असेल, आपल्या बाजूने दोन्ही अगदी सारखंच दिसतं. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि ही अवस्था आता घराघरांत माहीत आहे : खात्यातून रक्कम गेली, दुकानदाराचा स्पीकर बोलला नाही, पडद्यावर ‘पेंडिंग’. तो शब्द प्रामाणिक आहे. ‘व्यवहार अयशस्वी’ म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं ठरलं असतं आणि माणसाने दुसऱ्यांदा पैसे दिले असते. आपल्या प्रोग्रॅममध्येही यश आणि अपयश यांच्या जोडीला ‘अजून माहीत नाही’ ही तिसरी अवस्था हवी, तिला पडद्यावर जागा हवी. आणि प्रत्येक जमेला काउंटरवरच एक एकमेव क्रमांक जन्माला घालून तो विनंतीसोबत पाठवावा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर नवी नोंद न करता जुनीच पावती परत देईल. हे सर्व्हरच्या माणसांबरोबर बसून ठरवावं लागतं. माझ्या तीन पावत्यांवरचा पुरा इलाज हा होता. ‘जमा’ बटण दाबताच निष्क्रिय करणं हा त्याचा फक्त निम्मा भाग.

सुरक्षिततेचा दुसरा अर्थ, म्हणजे चोरांपासूनचा, इथे आटोपशीर घेतला आहे. दोनच गोष्टी सांगतो. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तक्रार आली की ती दुर्लक्षित करणारी एक ओळ असते. चाचणीपुरती म्हणून ती लिहिली जाते आणि गिऱ्हाइकाच्या संगणकापर्यंत तशीच पोचते. ती ओळ चाचणीतही लिहू नका, चाचणीच्या सर्व्हरला खरं प्रमाणपत्र द्या. दुसरी : क्यूटचं लेबल आलेला मजकूर साधा आहे की सजवलेला, हे स्वतःच ओळखायला बघतं. सर्व्हरवरून आलेल्या खातेदाराच्या नावात कुणी खुणा घुसवल्या तर लेबल त्या सजावट म्हणून पाळेल. बाहेरून आलेला मजकूर दाखवताना ‘साधा मजकूर’ असं स्पष्ट सांगून ठेवावं.

सी शार्पने २०१२ मध्ये असिंक-अवेट आणलं आणि कोडचे दोन तुकडे करण्याची कटकट गेली. ती फार मोठी सोय आहे, पायथन आणि जावास्क्रिप्टनेही ती उचलली. पण शिकवताना मला तिचीच अधिक काळजी वाटते. ‘अवेट’च्या आधीची आणि नंतरची ओळ कागदावर एकाखाली एक असतात, म्हणून मध्ये काही घडलंच नाही असं डोळ्यांना वाटतं. त्या दोन ओळींच्या फटीत रोखपालाने तीन खाती उघडून बंद केलेली असू शकतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, प्रत्येक ‘अवेट’खाली पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढा आणि रेघेखाली आल्यावर वर पाहिलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा पाहा : विंडो आहे का, निवडलेलं खातं तेच आहे का, माणूस अजून वाट पाहतोय का. आणि मुख्य थ्रेडवर ‘रिझल्ट’ मागून थांबून बसू नका. उरलेलं काम त्याच थ्रेडवर परतायला बघत असतं, तो थ्रेड त्या कामाची वाट पाहत असतो, आणि जिन्यातली ती दोन माणसं पुन्हा भेटतात.

शब्दांबद्दल थोडंसं. ‘असिंक्रोनस’ला मराठी प्रतिशब्द घ्यावा असा आग्रह काही मित्रांनी धरला. मी ‘असमकालिक’ लिहून पाहिलं, वर्गात बोलून पाहिलं. मुलं आधी त्याचं मनात इंग्रजी करत होती आणि मग विषयाकडे येत होती. म्हणून थ्रेड, सिग्नल, टाइमआउट हे शब्द आहेत तसेच ठेवले. मात्र ‘रिक्वेस्ट’ला विनंती आणि ‘रिस्पॉन्स’ला उत्तर म्हटलं आहे, कारण ते शब्द मुलांच्या तोंडी आपसूक आले.

पुस्तक वाचायला सी++ची जुजबी ओळख पुरे. पण एक तयारी पहिलं प्रकरण उघडण्याआधी करावी. सोबत एक छोटा सर्व्हर दिला आहे, तो आपल्याच संगणकावर चालतो. तो प्रत्येक उत्तराला शून्य ते आठ सेकंदांमधला कुठलाही उशीर लावतो, काही उत्तरं अर्ध्यावर तोडतो, काही देतच नाही, देवनागरी संकेत मुद्दाम मधोमध फोडतो, आणि कधीकधी नोंद पूर्ण करून उत्तर गिळतो. कार्यालयातल्या वेगवान लाइनवर सगळेच प्रोग्रॅम चांगले दिसतात, म्हणून हा सर्व्हर पुस्तकभर चालू ठेवा. तुमचा आत्ता गिऱ्हाइकाकडे असलेला प्रोग्रॅम एकदा याच्याशी जोडा, दोन खाती भराभर पाठोपाठ उघडा, आणि वर दिसणारं नाव खालच्या शिलकेशी ताडून पाहा.